नारायणाने ठेवलेली नावं

नारायण गेल्याचं सांगायला मिठागराचा मुकादम स्वतः गोडदेवच्या शाळेत आला. दारातच टोपी काढून म्हणाला, “मास्तर, नारायण गेला. हिवतापानं.” त्याला आता महिना होऊन गेला.

नारायण मोरव्याचा, माझा बालमित्र. शाळा सोडून मिठागरावर मीठ ओढायला गेला, पण शब्दांचा नाद सुटला नाही. अबोल, टकल्या मुकादमाचा त्याने ‘मुका बदाम’ केला. ज्याच्या औषधाने कुणाची थंडी हटत नसे तो कंपाउंडर ‘कंप-अंदर’. मुंबईला बोलपट पाहून आला की स्वतः ‘मास्टर मिठालाल’ आणि मासळी विकणारी त्याची बायको जना ‘मिस मांदेली’. “मेल्या, निदान पापलेट तरी म्हन!” असं ती भर बाजारात ओरडायची आणि पदरात तोंड लपवून हसायची.

त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा घरच्या बायकांनी रीतीप्रमाणे त्याला कोंड्यावर लोळवला आणि दगडू म्हणायचं ठरवलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण वळून पाहत नाही म्हणतात. नारायण ऐकेना. “माझ्या पोराला दगड म्हनू? राजा हाय तो!” त्याने नाव ठेवलं हिराराज, अगदी बोलपटातलं. संध्याकाळी बांधावरूनच हाक सुरू व्हायची, “हिराराज, माझा शिराराज!” अख्ख्या मोरव्याला ऐकू जायची.

वर्षाच्या आत देवीची साथ आली. देवी टोचणारा पोचण्याआधीच हिराराज गेला. त्या संध्याकाळी जना भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, “तू हाक मारलीस... तिनं आयकली.”

नारायणाने पुन्हा कुणाचं नाव वाकवलं नाही. रोग नाव विचारून येत नाही, हे मी त्याला पुष्कळ सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि मिठाच्या राशींकडे बघत राहायचा. मुकादम एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “अरे, बदाम तरी म्हण एकदा.” “नको, मुकादमसाहेब,” एवढंच उत्तर. ज्यांची मुलं जगत नसत त्या बाया मात्र तान्ही पोरं घेऊन त्याच्याकडे नाव मागायला येत. तो पोराकडे न बघताच सांगायचा: धोंडू. केरू. उकिरडा...

परवा मोरव्याला गेलो. जना ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मास्तर, तुमी शिकलेलं. नावानं मरतंय का पोर?”

“नाही, जनाबाई.”

“त्यालाबी ह्येच सांगितलंत ना?”

“किती वेळा.”

“मला पटलेलं. लय वर्सं झाली...” तिने एक खडा बाजूला काढला. “त्याला सांगायचं रायलं.”

मी निघालो. छत्री ओटीवरच राहिली होती. तिने हाक मारली नाही. हिराराज गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला लांबून हाक मारत नाही. जेवण वाढलं तरी उठून जायचं आणि खांद्याला हात लावायचा, ही नारायणाची रीत. छत्री घेऊन ती बांधापर्यंत चालत आली आणि तिने माझ्या खांद्याला हात लावला.