वरच्या बाजूने धरलेला हात

भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं रिकाम्या डोक्याचं काम, असं मी जन्मभर म्हणत आलो. आमचं गाव कृष्णाकाठी, कराडच्या खाली. आम्ही भोई. गावच्या डोहात आसरा राहतात, माणसाला पाय धरून आत ओढतात, असं सगळे सांगायचे. माझा बाप त्याच डोहात चाळीस वर्षं जाळं टाकत होता. त्याला आसरा दिसली नाही, मलाही दिसली नाही. पाण्यात मरतो तो पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे मरतो, एवढंच मला ठाऊक.

म्हणून हे वाचून कोणाला वाटलं, की बायको गेली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, तर वाटू द्या. मी भांडायला येणार नाही. शाळा चौथीपर्यंत झालीय, जसं जमेल तसं लिहितो.

साल १९८९, जानेवारीतला शेवटचा शनिवार. जागा उत्तर वेल्स, डी नदी, कॉर्वेन गावाच्या वरच्या अंगाला. वेळ दुपारी एकच्या सुमारास. रात्र नव्हती, आणि मी प्यायलेला नव्हतो.

मी चौसष्ट साली लंडनजवळ स्लाऊला आलो. ट्रेडिंग इस्टेटवर रबराच्या फॅक्टरीत लागलो. तिथे माझ्या शेजारच्या मशीनवर ग्विन होता, वेल्सचा, बैलासारखा आडवा. त्याला गणपत म्हणता येईना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने माझं गॅरी करून टाकलं. पंचवीस वर्षं मी फॅक्टरीत गॅरी. मी मासेमारी करणाऱ्यांच्या घरचा हे कळल्यावर त्याने मला फ्लाय फिशिंग शिकवलं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, तिने मासा फसवायचा. मला आधी हसू आलं, मग नाद लागला.

हिवाळ्यात ट्राउट धरायला बंदी असते, तो त्यांचा अंडी घालायचा काळ. ग्रेलिंग मात्र चालते. चंदेरी-राखाडी मासा, पाठीवर शिडासारखं मोठं पर. थंडीत ती तळाला जाऊन बसते, म्हणून आत तार भरलेली जड माशी तळाच्या गोट्यांवरून घरंगळत न्यायची. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं, ते तोंडात धरून वितळवायचं. बोटं बधिर होतात. पण डोक्यात दुसरा विचार राहत नाही.

आमच्या हिला हे कधी पटलं नाही. "पाच तास गाडी हाणायची, बर्फात उभं राहायचं, मासा धरायचा आणि निम्मे परत सोडायचे? अहो, गावी सांगू नका, आपल्याला वाळीत टाकतील." आणलेल्या माशाचं कालवण करायची आणि म्हणायची, "याला मेल्याला तिखटसुद्धा लागत नाही, गोऱ्यांसारखाच आहे." पण काटे काढून ज्योतीला भरवायची तीच. ज्योती म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. इथेच जन्मली.

ऑक्टोबरात ही गेली. पोटातलं दुखणं. कळल्यापासून सात आठवडे. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तिला बाथरूमला न्यायचो तेव्हा ती माझा दंड धरायची, कोपराच्या जरा वर, अंगठा आतल्या बाजूला. एकतीस वर्षांच्या संसारात तिने रस्त्यात कधी माझा हात धरला नव्हता. हाय स्ट्रीटला बाजाराला गेलो तरी दोन पावलं मागे. ते शेवटचे सात आठवडे नसते तर तिची पकड कशी हे मला ठाऊकच झालं नसतं.

त्यानंतर मी घराबाहेर पडलो नाही. फॅक्टरीला डॉक्टरची सिक नोट, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी. दाढी वाढलेली, चहावर दिवस काढायचा. जानेवारीत ग्विन दारात येऊन उभा राहिला.

"गॅरी, यू लुक लाइक डेथ," म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. "सॉरी, मेट. पण वेडर्स काढ. शनिवारी जायचंय."

"मला नाही यायचं."

"मी विचारलं का तुला?"

वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी पँट. गेलो. पहाटे चारला निघालो, नऊला नदीवर. डोंगरावर बर्फ, काठावर बर्फ, मधून काळं पाणी. एक मेंढरू सोडलं तर जीव दिसेना.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जोराचं पाणी ओलांडायचं तर दोघांनी कोपरात कोपर अडकवायचं. जाड माणूस वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं तिकडे. पाणी त्याच्या अंगावर फुटतं आणि खालच्याच्या पायाला मार कमी लागतो. उन्हात झाडाची सावली मिळावी तसं. आणि ओलांडताना एकमेकांकडे बघायचं नाही, पायाखालचं बघायचं. त्या दिवशी सकाळी आम्ही असेच पलीकडे गेलो. ग्विन वर, मी खाली. एकही शब्द न बोलता.

पलीकडे मी वरच्या टोकाला उभा राहिलो, ग्विन खाली सत्तर-ऐंशी पावलांवर. मला दोन ग्रेलिंग लागल्या, दोन्ही सोडून दिल्या. घरी नेऊन करणार कोण? मग डोंगरावरून धुकं उतरलं आणि बारीक बर्फ पडायला लागलं. एक वाजत आला असेल. ग्विनने शिट्टी मारली. ती आमची खूण, चहाला गाडीकडे चल. मी दोरी गुंडाळली आणि तो येऊन मला न्यायची वाट बघत पाण्याच्या कडेला थांबलो.

थोड्या वेळाने उजव्या दंडाला हात लागला. वरच्या बाजूने. मला वाटलं ग्विन आला. मी मान वर केली नाही, पाण्यात पाय घातला. "ब्लडी कोल्ड," असं काहीतरी म्हणालो. तो बोलला नाही. बोलत नाहीच तो पाण्यात. आम्ही चालायला लागलो. पाणी गुडघ्याला, मग मांडीला. सकाळी मांडीच्या वर आलं नव्हतं. कमरेला आलं. मी मनात म्हटलं, ग्विनला नदी माहीत आहे, त्याची काहीतरी वाट असेल.

मग माझ्या ध्यानात आलं... पाणी सगळंच्या सगळं माझ्यावर येत होतं.

वरच्या बाजूला माणूस असला की पाणी त्याच्यावर फुटतं. इथे काही फुटत नव्हतं. पुराच्या पाण्यासारखा रेटा सरळ माझ्या उजव्या कुशीत. दंड तर धरलेला होता, नीट, घट्ट. पण त्या बाजूला पाण्यात कोणाचे पाय नव्हते.

मी मान वळवली नाही. वळवायची हिंमत झाली नाही. नुसती नजर खाली टाकली. माझ्या जाकिटाची बाही कोपराच्या वर चेपलेली होती. चार खळगे बाहेरच्या बाजूला. आणि आत, बगलेकडे, अंगठ्याचा दाब.

ती पकड मी ओळखली.

आता खरं लिहितो, ज्योतीलाही हे नीट सांगितलेलं नाही. मी थांबलो नाही. मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मी आणखी दोन पावलं टाकली. पाणी बरगड्यांना लागलं. पुढे डोह होता, तिथलं पाणी हिरवट काळं दिसत होतं, आणि त्यात जायला माझी काही हरकत नव्हती.

तेव्हा कानाशी आवाज आला. तिचाच. किंचित बसका, आजारपणात झालेला तसा.

"गणपत, चल."

तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. कधीच. लग्नातला उखाणा सोडला तर एकतीस वर्षांत एकदाही नाही. 'अहो', 'ऐकलंत का', 'ज्योतीचे बाबा', बस्स. ती गणपतीलासुद्धा गणपती म्हणायची नाही, बाप्पा म्हणायची, कारण त्यात माझं नाव येतं. डॉक्टरकडे रिसेप्शनवाल्या बाईने नवऱ्याचं नाव विचारलं की ज्योतीला कोपराने ढोसायची, "तू सांग." आणि आता कानाशी, एकेरीत, एखाद्या पोराला बोलवावं तसं, "गणपत, चल."

ही ती नाही. एवढं एकच डोक्यात आलं. हे दुसरंच काहीतरी आहे आणि याने तिचा हात उसना घेतलाय.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. दंड हिसडला. सुटेना. दुसऱ्यांदा सगळ्या ताकदीने हिसडला तेव्हा सुटला, आणि सुटताना... सुटताना ती बोटं बाहीवरून सरकत गेली, मनगटापर्यंत. धरून ठेवायला बघणाऱ्या माणसाची जातात तशी. मग माझा पाय गोट्यावरून घसरला आणि मी आडवा झालो. वेडर्समध्ये पाणी शिरलं. बर्फाचं पाणी छातीला लागलं की श्वास आत जातो आणि बाहेर येत नाही. मी जन्माचा पोहणारा, पण हात हलेना.

ग्विनने मला खाली, उथळाच्या तोंडाशी कॉलर धरून ओढलं. गाडीत हीटर लावला, माझे कपडे काढले, स्वतःचा स्वेटर चढवला. मग शिव्या सुरू झाल्या. वेल्शमध्ये आधी, मग इंग्लिशमध्ये.

"मी अजून खाली होतो! शिट्टी मारली, वर येतोच म्हणत होतो, आणि तू सरळ डोहात! हाका मारतोय, मारतोय, तू ऐकत नाहीस. व्हॉट द हेल वॉज दॅट, गॅरी?"

मी हीटरसमोर हात धरले.

"आणि तो हात काय असा धरला होतास?"

"कसा?"

त्याने स्वतःचं उजवं कोपर बाहेर काढून दाखवलं. चर्चमधून नवरा-नवरी बाहेर पडतात तसं. "असा. लाइक यू वर वॉकिंग अ लेडी."

मी त्याला काही सांगितलं नाही. तो आजही असेल तर त्याला वाटत असेल की मी त्या दिवशी जीव द्यायला निघालो होतो. ते सगळं खोटंही नाही.

घरी आल्यावर ताप आला. आठ दिवसांनी ज्योतीला सांगितलं. ती हाउन्सलोला राहते, एअरपोर्टवर कामाला आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोघा-तिघांनाही पुढे सांगितलं. एक म्हणाले, दहाव्याचा पिंड बागेत ठेवला तो कावळ्याऐवजी सीगलने खाल्ला, म्हणून आत्मा अडकला. मी म्हटलं, आत्म्याला पक्षी ओळखता येत नाही का? दुसरे म्हणाले आसरा असेल. वेल्समध्ये आसरा? आणि तिला कराडकडची मराठी कुठून येणार? डॉक्टर म्हणाले, थंडीने मेंदूला भास होतात. असतील. पण भास व्हायच्या वेळी मी अजून भिजलो नव्हतो.

या सगळ्यांना माझ्याकडे उत्तर होतं. ज्योतीचं मात्र वेगळं.

मी तिला सांगितलं, ती तुझी आई नव्हती, कारण तिने माझं नाव घेतलं. ज्योतीने चहाचा मग खाली ठेवला. मग तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, पण आईला मे बी ऑलवेज तुमची नाव घ्यायची होती."

"काहीतरी बोलू नकोस."

"नाही, रिअली. मी लहान होती तेव्हा मला शिकवायची. बाबाची नाव काय? गणपत. परत सांग. गणपत. मी बोलली की हसायची. शी जस्ट लाइक्ड हिअरिंग इट." मग म्हणाली, "आता ती गेली ना, बाबा. आता तिला कोण थांबवणार?"

मी उठून बाहेर गेलो.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी परत कोणत्याही नदीत पाय घातला नाही. रॉड ग्विनला देऊन टाकला. दोनच गोष्टी असू शकतात. एक, त्या पाण्यात असं काहीतरी आहे जे मेलेल्या माणसाचा हात आणि आवाज घेऊन येतं, आणि ते मला जवळजवळ घेऊन गेलं होतं. दुसरी, ती खरंच आली होती, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घेऊन, आणि मी तिचा हात दोनदा हिसडून सोडवला. पहिलीने मला दिवसाही भीती वाटते. दुसरीने जास्त वाटते. कोणती खरी ते मला आजही कळलेलं नाही, आणि समजावून देणारा कोणी भेटलेला नाही.

मीही तिला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं', नाहीतर 'ज्योतीची आई'. इथेही लिहिलेलं नाही, बघा. कधी दुपारी घर अगदी गप्प असतं तेव्हा वाटतं, एकदा नाव घेऊन हाक मारावी. तीच होती तर तिला बरं वाटेल. स्वयंपाकघरात उभा राहतो, तोंड उघडतो, आणि मिटतो. कारण हाकेला कोणी ओ दिली, तर ती कोणी दिली हे मला ओळखता येणार नाही.