काख लिहिलेला कागद

"हा कागद कोणी लिहिलाय?"

डॉक्टरीणबाईंचा एक हात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या उघड्या छातीवर होता आणि दुसऱ्या हातात दोन महिन्यांपूर्वीचा केसपेपर. त्यावर मराठीत एकच ओळ होती. काखेत गाठ. अक्षर माझं होतं.

"मी," मी म्हटलं.

"काखेत आहे, ते खरं. पण ती नंतरची. पहिली इथं आहे, छातीत, लिंबाएवढी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत होतं. जाऊबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

टेबलावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "तिला कशाला बोलता बाई? मीच म्हनले काख लिव्ह म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला आणि पंधरा दिवस थांबायला सांगितलं.

ही दुष्काळातली गोष्ट. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी आया होते. चौथी शिकलेली, अक्षर बरं, म्हणून मला बायकांच्या रांगेपाशी बसवलं होतं. बाईला काय होतंय ते विचारायचं आणि कागदावर वरती एका ओळीत लिहायचं. डॉक्टर तपासून खाली इंग्रजीत आजाराचं नाव लिहीत. मग कागद रेकॉर्डच्या खोलीत जात. तिथले क्लार्क एका जाड इंग्रजी पुस्तकात तो आजार शोधत आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने त्याचा नंबर घालत. नंबराप्रमाणे गठ्ठे बांधायचं काम परत माझंच. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे पाठ झाले होते. ६८० म्हणजे गळू, काखेत होणारी काखमांजरी धरून. २१७ म्हणजे छातीतली साधी गाठ. १७४ म्हणजे छातीचा कॅन्सर. १७४चा गठ्ठा बोटभर होता. ६८०चा दोरीत मावत नव्हता.

तो का मावत नव्हता, हे मला ठाऊक होतं. बायका छातीचं नाव घेत नसत. मागे नवरा नाहीतर सासरा उभा असायचा. 'काखमांजरी झालीय' म्हणायच्या आणि हात जरासा वर करायच्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मला खरं काय ते कळायचं, आणि मी काख लिहायची. माझ्या आधीची आयाही तेच करायची. आम्हाला तो समजूतदारपणा वाटायचा. त्या दिवसांत डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि बायकांची रांग पुरुष डॉक्टर बघत. काख लिहिलं की ते काखच बघत. चोळी सोडावी लागत नसे. बाई खूश, बरोबर आलेला माणूस खूश, आणि रांग पुढे सरकायची.

जाऊबाई पहिल्या खेपेला तिसगावच्या बाजूच्या आमच्या गावाहून आल्या होत्या, खडी फोडायच्या दुष्काळी कामावर खाडा करून. माझे दीर त्यांच्या मागेच उभे. त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "छातीत खडा लागतोय. पन तुझं दीर हायेत ना मागं. काख लिव्ह." काखेतही बोराएवढं काहीतरी होतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. मी लिहिलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. क्लार्कनी ६८० घातला. मी गठ्ठा बांधला. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या, तेव्हा गाठ वाढतच होती म्हणून जाऊबाई परत आल्या.

माझा नवरा वारल्यापासून माझी दोन्ही पोरं जाऊबाईंकडे होती. त्या होत्या म्हणून मी नगरला नोकरी करू शकत होते. डॉक्टरीणबाईंनी लिंबाएवढी म्हटलं तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हेच, की ही बाई गेली तर पोरं कुठं ठेवायची. जाऊबाईंचा विचार त्याच्या मागून आला. खोटं कशाला लिहू.

ते पंधरा दिवस त्या माझ्या खोलीवर राहिल्या. त्या दारात बसून मिश्री लावायच्या आणि मी आतबाहेर करायची. चूल पेटवायची आणि भाकरी टाकायची विसरायची.

"आगं बस की जरा," त्या म्हणायच्या. "गाठ मला झालीया का तुला? तुझ्याकडं बघून मलाच चक्कर येतीया."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की. पन हिंडून कमी हुतीया का?"

मला बसवेना. चौथ्या दिवशी मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ६८०चा गठ्ठा सोडला आणि जमिनीवर पसरला.

क्लार्क म्हणाले, "हे काय मांडलंय बाजारासारखं?"

"माझं अक्षर शोधतेय."

"नंबर बसलेत त्यांना. नंबरांचा तक्ता वरच्या ऑफिसात गेलासुद्धा."

"तक्ता गेला. बाया कुठं गेल्या?"

"मी डॉक्टर लिहितात त्याला नंबर देतो, बाई. तुम्ही काय लिहिता ते मी वाचतसुद्धा नाही."

"डॉक्टर वाचतात ना."

त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

काख लिहितानाचं ज्यांचं तोंड मला आठवत होतं, अशा बायकांचे अकरा कागद निघाले. मी पोस्टकार्डं आणली. पहिल्या कार्डावर माझ्या हाताने परत काखच लिहिलं. कार्ड पोस्टमन वाचणार, शाळेचे मास्तर वाचून दाखवणार, घरातले सगळे ऐकणार. मी ते फाडलं आणि दुसरं लिहिलं. छातीतली गाठ दाखवायला या. बाई डॉक्टर आहे.

राहुरीकडचा एक सासरा कार्ड नाचवत भांडायला आला. "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुमी." मी त्याला भांडू दिलं. सून मागे उभी होती. त्याचं बोलणं चालू असतानाच तिला आत नेलं. तिचा नंबर २१७ निघाला, साधी गाठ.

पंधराव्या दिवशी पुण्याचा कागद आला. इंग्रजीत होता. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या, म्हणून तो आधी क्लार्कच्या टेबलावर पडला. मी समोर उभी राहिले. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. लाल शाईने १७४ लिहिला आणि कागद माझ्या हातात दिला.

मी खोलीवर गेले. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या.

"कापायचं हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळं."

"तुझ्या दिराला काय सांगनार?"

"छाती सांगणार."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सांग," म्हणाल्या.

डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेसकट. तो हात पुढे कायम सुजलेला राहिला. भाकरी त्या उजव्याच हाताने थापायच्या, आणि वाकडी झाली तर मला दोष द्यायच्या. मी त्यानंतर गाठ छातीत असली की छातीच लिहायची. त्यावरून पुष्कळ शिव्या खाल्ल्या.

अकरा जणींपैकी पाच आल्या. त्यांतली श्रीगोंद्याची एक वर्षाच्या आत गेली. सहा जणींचं मला आजवर काही कळलेलं नाही. जाऊबाई चौदा वर्षं जगल्या.