मातामायच्या ओट्यावर

त्या हिवाळ्यात मी देवाशी अबोला धरला होता. तो दोन वर्षांपासूनचा होता आणि तिसरं बाळ कुशीत आल्यावरही सुटला नव्हता. पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसरं बाराव्या दिवशी गेलं, पाळण्याला झालर लावून झाली होती तेव्हा. त्यानंतर देवघरातला दिवा सासूबाईच लावत. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. मुलींना हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढून दाखवायचे आणि घरी येऊन स्वतःच्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, श्वास येतोय ना म्हणून. खरं सांगायचं तर माझा जसा देवावर विश्वास नव्हता, तसा ती जगेल यावरही नव्हता.

ती साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा संक्रांत आली. आमच्या वर्ध्याच्या घरी तिची लूट झाली. हलव्याचे दागिने घालून तिला मांडीत धरून पाटावर बसवलं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, गाठ्या ओतल्या, आणि गल्लीतली पोरं ते वेचायला एकमेकांच्या अंगावर पडली. सगळे हसत होते. एखादं बोर तिच्या घशात जाईल, या धास्तीनं मला हसू येईना.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी कारंज्याकडच्या शेतावर जायचं ठरवलं. सासऱ्यांच्या वेळची संत्र्याची बाग आहे तिथे, कडेला थोडी ज्वारी, आणि जवळच्या गावात जुनं घर. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत सगळं घर जातं. या वर्षी बाळ होतं म्हणून माझ्या दोन्ही नणंदाही येणार होत्या, एक आंजीहून, एक अल्लीपूरहून. हुरडा, रोडगे, उन्हात लोळणं. मलाही आत कुठेतरी वाटलं होतं की चला, लेकीला मोकळं आभाळ दाखवू. पण जाण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते सासूबाईंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आमच्यात लेकरं जगत नसली की नव्या लेकराला मातामायच्या ओट्यावर ठेवतात. आईनं ते ठेवायचं, "माय, हे तुहं," म्हणायचं आणि मागे वळून न पाहता निघून जायचं. मग आत्यानं ते देवीचं म्हणून उचलायचं आणि घरी आणून उंबऱ्यावर आईच्या ओटीत घालायचं. तोवर आईनं हात लावायचा नाही. त्यानंतर ते लेकरू देवीचं. आई फक्त सांभाळणारी.

"सूनबाई, तुले हे पटत नाई, मले ठावं हाये," त्या म्हणाल्या. "पन माह्यासाठी कर. दोन गेले. आता मातामायले न इचारता हिले घरात ठेवाची माही हिंमत नाई."

मी हो म्हटलं. तीन शब्दच तर बोलायचे होते.

शेतावरची सकाळ इतकी सुंदर होती की ती आठवली की अजून छातीत दुखतं. जीप यांनी मित्राकडून मागून आणली होती. सालदारानं, म्हणजे आमच्या शेतावरच्या वर्षाच्या गड्यानं, बंडी जुंपून भांडी-कुंडी आधीच आणून ठेवली होती. कणसं भाजून, हातावर चोळून गरम हुरडा, वर तिखट चटणी. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, पातेल्यात वांग्याची भाजी. आंबिया बहाराची संत्री तोडून महिना झाला होता आणि मृगाची फळं अजून हिरवी होती, पण शेंड्यांवर चुकून राहिलेली दोन-चार पिवळी फळं यांनी उड्या मारून काढली, आणि दोघी नणंदांनी पोट धरधरून हसत त्यांची थट्टा केली. मातामायचा ओटा बागेच्या टोकाला, कडुनिंबाखाली. शेंदूर लावलेले तीन दगड, बाकी काही नाही. त्याच निंबाला लाल लुगड्याची झोळी बांधून मी बाळाला निजवलं.

झोळी थांबवून मी हात धुवायला गेले. परत आले तर ती हलत होती. वारा असेल, असं वाटून मी वर पाहिलं. निंबाचं एक पान हलत नव्हतं. बाळ जागं होतं आणि माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी पाहून हसत होतं. लहान लेकराला सटवाई हसवते, असं आमच्याकडे म्हणतात. मी वळून पाहिलं. झाडांच्या दोन रांगा, मधली सरळ रिकामी वाट, भर दुपारचं ऊन. पाखरूही बोलत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी स्वतःलाच रागावले.

जेवणाआधी देवीची पत्रावळ ओट्यावर ठेवली. जेवणं झाली, झोळी सोडून गाठोड्यात बांधली, आणि तीनच्या सुमारास सासूबाई म्हणाल्या, "चाल आता. अन् आयका, कोनी मांगं पाहाचं नाई. कोनीच."

मी तिला ओट्यावर, दुपट्यावर ठेवलं. तिनं माझं बोट धरलं होतं, ते सोडवावं लागलं. "माय, हे तुझं," मी म्हटलं, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. मनात म्हणत होते, तासाभराचं तर नाटक आहे. निघाले.

पाठीमागे दोघी नणंदांची बोलाचाली ऐकू आली. बाळ कुणी उचलायचं, यावरून. उचलणारीला साडीचा मान असतो, पण भांडण साडीचं नव्हतं, मोठेपणाचं होतं.

"मी मोठी हावो, मान माहा हाये," आंजीच्या ताई म्हणाल्या.

"मांगच्या खेपीले पाळनाही तूच आनला व्हता," अल्लीपूरच्या ताई म्हणाल्या. "काय झालं मंग?"

मग आंजीच्या ताईंचा आवाज आला, "घे मंग. तूच उचल."

त्या येऊन जीपमध्ये माझ्याशेजारी बसल्या, तोंडाला पदर लावून. यांनी पुढे पाहतच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "धाकटी आनते बंडीतून." मला त्यांची कीव आली. त्यांचा हात हातात घेतला आणि जीप निघाली. मी मागे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. इतकी शिस्त आमच्या घरात त्याआधी कधी पाळली गेली नव्हती.

बैलांना शेतावरून गावातल्या घरी यायला तास लागतो. मी उंबऱ्याशी बसून राहिले. दूध दाटून आलं, पोलकं भिजलं. तिची दूध प्यायची वेळ टळून गेली होती. अखेर घुंगरं वाजली. अल्लीपूरच्या ताई बंडीतून उतरल्या. हातात घागर होती. काखेत पातेलं होतं. त्यांनी माझ्या रिकाम्या ओटीकडे पाहिलं आणि विचारलं, "वैनी, पोरगी झोपली काय?"

मला पुढचं नीट आठवत नाही. घागर पडल्याचा आवाज आठवतो. आंजीच्या ताई ओरडत होत्या, "मी तुले उचल म्हनलं व्हतं ना वं!" आणि धाकट्या त्यांच्या पायाशी बसून रडत होत्या. "मले वाटलं तू रागात बोलली, तूच उचलशीन. मी हिरीवर भांडे घासाले गेली. जीपचा आवाज आला म्हून ओट्याकडं पाह्यलं. ओट्यावर पोरगी नव्हती माय! देवाशपथ नव्हती. मले वाटलं तूच नेली."

ओट्यावर पोरगी नव्हती. हे वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथेच राहिलं.

यांनी जीप काढली. मी शेजारी. दोघी ताई मागे चढल्या. मी मनात सारखी घोकत होते, माझी आहे, माझी आहे, तुझी नाही, मी खोटं बोलले होते. त्या भागात कोल्हे आहेत, साप आहेत, हे मला माहीत होतं. नाल्याच्या वाळूत जीपचं चाक रुतलं. मी उडी मारून धावत सुटले. अनवाणीच होते. बागेच्या तोंडाशी मी खाली बसले. उठताच येईना. छातीत जे होतं ते सगळं संपलं होतं, राग, अबोला, विज्ञान, सगळंच. तेव्हा मी म्हणाले, या वेळी मनापासून म्हणाले, "तुझीच आहे, माय. मला दिली नाहीस तरी चालेल. पण जिती ठेव."

आणि मला सूर ऐकू आला. शब्द नव्हते. बाया लेकरू निजवताना नाकातून काढतात, तसा संथ हुंकार. बागेच्या आतून येत होता आणि एका ठेक्यात येत होता. मला त्याची भीती वाटली, हे कबूल करते. इतकी भीती वाटली की दात वाजायला लागले. पण मी उठले आणि त्याच्या मागे गेले.

ओटा रिकामा होता. दुपटंही नव्हतं. देवीची पत्रावळ मात्र होती, स्वच्छ खाल्लेली आणि दुमडून ठेवलेली. कुत्रं पत्रावळ चाटतं, दुमडत नाही. निंबाच्या त्याच फांदीला एक झोळी टांगली होती. आमची नव्हे, आमची गाठोड्यात घरी गेली होती. ही जुनी, विटलेल्या हिरव्या लुगड्याची. झोळी हलत होती. सूर मात्र मी जवळ येताच थांबला.

आत माझी लेक झोपली होती. आमच्याच दुपट्यात, गळ्यापर्यंत नीट गुंडाळलेली. अंग कोमट होतं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा ओला थेंब होता.

मी नाकाखाली बोट धरलं नाही. का कोण जाणे, गरज वाटली नाही. मान वर केली तेव्हा झाडांच्या रांगेतून एक बाई जाताना दिसली. म्हातारी की तरणी, सांगता येणार नाही. पाठमोरी होती, डोक्यावर पदर होता. मी हाक मारली, "बाई! ओ बाई, थांबा!" ती थांबली नाही, की घाईनंही गेली नाही. सांज उतरत होती आणि रांगेच्या शेवटी ऊन तिरपं पडलं होतं. त्या उन्हात ती शिरली, आणि मला फक्त ऊन दिसत राहिलं.

हे धापा टाकत आले. आमच्या दोघांपैकी कुणी किती रडलं, ते लिहीत नाही. बाळाला मात्र मी हात लावला नाही. आंजीच्या आणि अल्लीपूरच्या, दोघी ताई मागून धावत आल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही उचला. दोघी मिळून." दोघींनी एका-एका बाजूनं हात घातला आणि तशाच आडव्या चालत तिला जीपपर्यंत आणलं. यांनी वाळूतून चाक काढलं. घरी उंबऱ्यावर ताईंनी तिला माझ्या ओटीत घातलं, तेव्हा दिवेलागण झाली होती. ती जागी झाली, पण दूध मागेना. पोट भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी यांनी आजूबाजूच्या सगळ्या बागांतून चौकशी केली. शेजारच्या बागेचा राखणदार म्हणाला, "तोडा सरून मयना झाला, भाऊ. बाया कुठच्या आता? मृगाच्या तोड्याले येतीन." महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत विचारून झालं. लुगडं कुणी ओळखलं नाही.

पुष्कळ जण मला विचारतात, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय वाटतं? मी वाद घालत नाही. ती कुणी वाटेवरची लेकुरवाळी असेलही. रडणारं लेकरू दिसलं, तिनं पाजलं, निजवलं, जवळच थांबली, त्याची माणसं येताना पाहिली आणि गेली. तसं असेल तर तिच्या पायांवर डोकं ठेवण्याइतकी मोठी बाई ती होती, आणि मला तिचं नावही विचारता आलं नाही. एवढं खरं, की घरी आल्यावर मी दिवा लावला. अबोला कुणी सोडला, मी की तिनं, ते मला अजून ठरवता येत नाही.

हिरवं लुगडं धुऊन, खणा-नारळासकट आम्ही पुढच्या हिवाळ्यात निंबाला बांधून आलो. दरवर्षी जातो. दोघी ताई येतात, अजून भांडतात, पण रोडगे दोघी मिळून करतात. लेक झाडांच्या रांगांतून धावते आणि मी मागे धावत नाही.

या जूनमध्ये तिला पुढच्या शाळेसाठी नागपूरच्या वसतिगृहात सोडलं. अकरा वर्षांची आहे. फाटकाशी तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं, ते सोडवावं लागलं. निघताना मला एकदम ती पाठमोरी बाई आठवली. हाका मारूनही ती का वळली नाही, याचं कोडं मला इतकी वर्षं होतं. ते त्या फाटकात उलगडलं. लेकरू ज्याचं त्याच्या हवाली करून जाणारीनं मागे वळून पाहायचं नसतं. तिनंही नियम पाळला होता.

मोटारीत बसल्यावर यांनी विचारलं, "पाहिलं नाहीस? उभी होती अजून."

"असू दे," मी म्हटलं. "एकटी नाही ती."