आठ नंबरची जर्सी आणि बाणगंगेचा कावळा

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी तो चहा खाली ठेवा, कारण माझ्यासारखी माती कोणी खाल्ली नसेल.

गेल्या महिन्यात माझा दादा गेला. मिडफिल्डर होता. नायगावच्या मैदानात शिकला, मग कंपनीच्या टीममध्ये लागला, मग गोव्याच्या क्लबात चार सीझन खेळला. गुडघा गेला तसा परत आला आणि चाळीच्या टीममधून खेळायला लागला. एका रविवारी मैदानाच्या मधोमध खाली बसला, तो उठलाच नाही. मी आठवी नापास माणूस. मला एवढंच कळलं की जिन्यात त्याची शिट्टी आता वाजणार नाही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर. पिंड ठेवला. कठड्यावर कावळे किती? अकरा. मी मोजले. एकही हलेना, ओरडेना. नुसते बघत बसलेले.

मामा म्हणाले, इच्छा राहिलीय त्याची, काहीतरी कबूल करा. कोणी म्हणालं, आईला सांभाळू. काकांनी सांगितलं, तुझी बाईक विकणार नाही. कावळे ढिम्म. दोन तास गेले. आई सकाळपासून नुसत्या पाण्यावर, डोळे मिटून ओठ हलवत उभी. कावळा शिवला नाही तर दादा इथेच अडकणार, या भीतीने तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला ते बघवेना.

मी ओरडलो, "दादा, तुझी आठ नंबरची जर्सी मी घालतो. रविवारची मॅच तुझ्या जागी मी खेळतो. जा तू आता."

एक कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला.

आता शब्द फिरवणार कसा? मी जन्मात बॉलला पाय लावला तो कॉटखाली गेलेला बाहेर काढायला. पण टीमचा कॅप्टन पक्या तिथेच उभा. म्हणाला, "बारक्या, फिक्स. कावळ्यासमोर बोललायस."

रविवारी जर्सी चढवली. दादाच्या घामाचा वास अजून होता. वारा अजिबात नाही, तरी पाठीवर कापड हलल्यासारखं वाटत होतं. आणि आमच्या गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर एक कावळा. गप्प.

मी बॉलपासून लांब राहायचं म्हणून आमच्याच गोलजवळ घुटमळत होतो. दादा म्हणायचा, मिडफिल्डरने बॉल यायच्या आधी मागे बघायचं. तेवढ्यात अगदी कानाशी ऐकलं, "बारक्या, मागे बघ."

तोच आवाज, शपथ.

मी गर्रकन वळलो. मागे आमचा गोलकीपर आणि तो कावळा. बाकी कोणी नाही. तेवढ्यात समोरच्या टीमची किक माझ्या टाळक्यावर मागून आदळली आणि बॉल थेट आमच्याच जाळ्यात. एक-शून्य. हरलो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पदर तोंडात धरून हसायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"अरे मेल्या, तू बाणगंगेवर ओरडलास, तेव्हा मी मनात त्याला काय सांगत होते ठाऊक आहे? तो सारखा म्हणायचा ना, आई, काही कर पण बारक्याला टीममध्ये घुसू देऊ नको. मी म्हटलं, नाही घुसू देणार. आणि कावळा शिवला."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"तू कधी कोणाचं ऐकलंयस?"

म्हणजे कावळा खाली आला तो तिच्या शब्दावर. आणि दांड्यावरचा तो, मला वाटलं माझा खेळ बघायला आलाय. तो मला टीममधून बाहेर काढायला आला होता.