मायची साक्ष

आमचं घर जळलं त्या दिवशी मायला शेतातून लवकर सुटी मिळाली होती. खुरपणीचे दिवस होते. माय आणि वस्तीतल्या बाकीच्या बाया सरपंचाच्या रानात कापूस खुरपत होत्या. सरपंचाचा थोरला मुलगा एरवी दिवस मावळल्याशिवाय कुणाला उठू द्यायचा नाही. त्या दिवशी तो दुपारीच बांधावर आला आणि म्हणाला, "जावा बायांनो, आज पुरे झालं." बायांना नवल वाटलं. पण मी घरात तापानं पडले होते, म्हणून माय खुशीनंच उठली.

विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन थोडेच दिवस झाले होते. ज्यानं देशाची घटना लिहिली त्याचं नाव विद्यापीठाला द्यायचं, एवढीच गोष्ट होती. गोदावरीकाठच्या आमच्या लहानशा गावात विद्यापीठ पाहिलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी चावडीवर, पाराखाली, पिठाच्या गिरणीत दुसरा विषय नव्हता. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या पलीकडं. दादा, म्हणजे माझे वडील, रोज सांगायचे, "गावात जाऊ नका, कुणाच्या तोंडी लागू नका."

माय घरी येऊन माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, तेवढ्यात ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. तिनं दारातून डोकावलं. माणसं येत होती आणि सरपंचाचा थोरला सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. मायनं मला उचललं, मागच्या कुडातून ढकललं आणि आम्ही ज्वारीच्या पिकात शिरलो. पीक माझ्या डोक्याएवढं होतं, मायच्या मात्र कमरेएवढंच. ती गुडघ्यांवर चालत होती. मागं वळून मी धूर पाहिला तेव्हा तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. तो हात मातीचा आणि कापसाच्या पाल्याच्या वासाचा होता.

पूर्णेला माझा मामा रेल्वेत गँगमन होता. त्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही पावसाळा काढला. दादा मधूनमधून गावाकडं जाऊन यायचे. पोलीस ठाण्याचा जमादार वस्तीत येऊन गेल्याचं त्यांनी एकदा सांगितलं. कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडाली आणि वारा होता म्हणून सगळी घरं पेटली, असं त्यानं ठरवलं होतं.

"वारा रॉकेल घेऊन आल्ता का?" माय म्हणाली.

"गप ऱ्हा," दादा म्हणाले.

वकीलकाका त्याच क्वार्टरमध्ये आम्हाला भेटायला आले. ते आमच्याच वस्तीतले, दादांच्या चुलत्याचा मुलगा. औरंगाबादला शिकून वकील झालेले आमच्यातले पहिलेच. आगीत त्यांच्या आईचंही घर गेलं होतं. ते जमिनीवर मांडी घालून बसले, मामीनं दिलेला गुळाचा चहा प्यायले आणि मायला म्हणाले, "वैनी, तू काय पाह्यलं ते मला सांग. घाबरू नको."

मायनं सगळं सांगितलं. लवकर दिलेली सुटी, डबा, सरपंचाच्या थोरल्याचा तोंडवळा, अंगातला सदरा, सगळंच.

"हे कोर्टात सांगशील?"

"मी? अन् माझं कोण ऐकतंय?"

"ऐकावं लागतंय. कायद्यापुढं सरपंच अन् तू सारखीच. हे मी न्हाई म्हणायलो, घटनेत लिवलंय."

"मंग जमादारानं का न्हाई लिवून घेतलं माझं?"

"म्हणून तं मी आलोय," ते म्हणाले.

दादा कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसले होते.  पण वकीलकाका गेल्यावर मायचा चेहरा मी पाहिला. घर जळाल्यापासून ती तशी दिसली नव्हती.

वकीलकाकांनी मोठ्या साहेबांच्या कचेऱ्यांत खेटे घातले, अर्ज केले, आणि अखेर खटला उभा राहिला. आम्ही गावी परतलो. सरकारनं दिलेले पत्रे चार मेढींवर टाकून राहू लागलो. गावानं आमच्यावर बहिष्कार घातला होता. आम्हाला बघितलं की गिरणीवाला गिरणी बंद करायचा. दुकानदार मीठसुद्धा देईना. सार्वजनिक विहिरीच्या काठावर कुणी तरी मेलेलं कुत्रं टाकलं. माय ओढ्यात झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायची. कामासाठी ती शेजारच्या गावापर्यंत चालत जायची. तिथंही कुणाच्या तरी कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी "बाई, आता काम न्हाई" असं ऐकून परत यायची.

पण रविवारी वकीलकाका यायचे. जळालेल्या विहाराच्या जागी बांबूंवर ताडपत्री होती, तिथं सगळी वस्ती बसायची. ते मूलभूत हक्क समजावून सांगायचे. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. कुठंही राहायचा, कुठंही फिरायचा, बोलायचा हक्क आहे. कायद्यानं ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कुणाचा जीव आणि स्वातंत्र्य हिरावता येत नाही. मायला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं तिच्या डोक्यात राहायचं. झिऱ्यातून पाणी काढताना ती पुटपुटायची. एकदा मी विचारलं, "माय, काय म्हणायलीस?" तर म्हणाली, "हक्क म्हणायलेय. इसरून जाईन म्हणून."

खटल्याच्या तारखेला आमच्याकडं पेशी म्हणतात. पेशीला माय पहाटे निघून एसटीनं जायची. शाळा बुडवून मीही कधीकधी सोबत जायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाजूला आम्ही बसायचो आणि दुसऱ्या बाजूला सरपंचाचा थोरला, त्याचे मित्र आणि त्यांचा थर्मासमधला चहा. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी, कधी नुसतीच पुढची पेशी. मी सातवी झाले, दहावी झाले. दादा एकदा म्हणाले, "सोड आता." माय म्हणाली, "वकीलभाऊ तिथं उभा ऱ्हातो आपल्यासाठी. मी कशी सोडू?"

ती खरीच गोष्ट होती. आमच्याकडून एक पै न घेता ते सरकारी वकिलाच्या मागं उभे राहायचे, त्याला कागद काढून द्यायचे, ओरडून पुढची तारीख जवळची मागायचे. कोर्टाच्या आवारातल्या हॉटेलात ते आमच्यासोबत बाकड्यावर बसून भजी खायचे. पुढं ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा वस्तीतली पोरंबाळं सायकलवर भोंगा बांधून गावोगाव फिरली. ते पडले. पण त्या पडण्यातही आम्हाला अभिमान होता.

त्यानंतरच्या निवडणुकीत ते उभे नव्हते. सरपंचाच्या पक्षाच्या व्यासपीठावर बसले होते. कुणी तरी पाहून आलं आणि सांगितलं, तेव्हा मायनं त्याला खोट्यात काढलं. मग निवडणूक झाली, आणि वकीलकाकांना कुठल्याशा महामंडळावर घेतल्याची बातमी आली. रविवारचं येणं बंद झालं. विहारात आम्ही काही आठवडे नुसतेच जमलो. मग तेही थांबलं.

मायची साक्ष जवळ आली तेव्हा ते जीपमधून आले. ताडपत्रीखाली त्यांच्यासाठी कुणी तरी खुर्ची आणून ठेवली. ते खुर्चीवर बसले. बोलणंही बदललं होतं.

"हे बघा," ते म्हणाले, "किती वर्षं आपण गावाशी भांडत राहणार? आपल्याला मजुरी पाहिजे, घरकुलं पाहिजेत, विहाराला जागा पाहिजे. हे सगळं मी करून देतो. सरपंचांशी माझं बोलणं झालंय. तुम्ही कोर्टात एवढंच सांगायचं की धूर होता, तोंडं दिसली नाहीत."

 मग एक म्हातारा म्हणाला, "तुम्ही म्हंता तं तसं करू, साहेब." 'साहेब' हा शब्द त्यांच्यासाठी आमच्या वस्तीत मी पहिल्यांदाच ऐकला.

माय उठून उभी राहिली. "वकीलभाऊ, मी घटनेचं शिकले ते तुमच्याकडूनच."

"वैनी, घटना समजायला अक्कल लागते आणि राबवायला सत्ता लागते. सत्ता आल्याशिवाय काही होत नाही. मी तुमच्यासाठीच तिकडं गेलोय."

"मंग तुमी सत्तेत गेल्यावर आमी खोटं का बोलायचं?"

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. दादा मायचा हात धरून तिला खाली ओढत होते. जीप निघून गेल्यावर दादा घरी म्हणाले, "आपल्या पोरीचं लगीन करायचंय. गावात ऱ्हायचंय. तुला एकटीलाच लय खरं बोलायचा सोस."

साक्षीच्या दिवशी आमच्या वस्तीतले लोक एकामागून एक पिंजऱ्यात गेले. धूर होता. तोंडं दिसली नाहीत. पोलिसांनी काय लिहिलं माहीत नाही. सरकारी वकील प्रत्येकाला फितूर म्हणून जाहीर करत होता, पण त्याच्या आवाजात राग नव्हता. दादाही तेच बोलले.  सरकारी वकिलाच्या मागं त्या दिवशी कुणी उभं नव्हतं. वकीलकाका आलेच नव्हते.

मग मायला हाक आली. समोरच्या वकिलानं विचारलं, "बाई, एवढी गर्दी, एवढा धूर, घाबरलेली होतीस. ओळखलं कसं?"

"साहेब," माय म्हणाली, "सकाळी ज्याच्या रानात मी खुरपत होते, त्याला दुपारी वळखायची न्हाई का?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, झालं, ऐकलं तिचं.

निकालाच्या दिवशी सगळे सुटले. एकट्या साक्षीदारावर विसंबता येत नाही, तिचा नवराही तिच्या बाजूनं बोलत नाही, असा निकाल सरकारी वकिलानं आम्हाला व्हरांड्यात समजावून सांगितला. बाहेर फटाके वाजत होते. परतीच्या एसटीत दादा पुढच्या बाकावर बसले, आम्ही दोघी मागं. गाव येईपर्यंत ते एकदाही वळले नाहीत.

त्यानंतर जे झालं त्यासाठी माय तयार नव्हती. सरपंचाच्या घरचे लोक काय करतील ते तिनं गृहीत धरलं होतं. पण आता आपल्याच वस्तीतल्या बाया तिच्याशी बोलेनात. तिच्या एकटीच्या साक्षीमुळं सरपंच चिडला आणि घरकुलं अडली, असं सगळीकडं पसरलं. झिऱ्यावर ती गेली की बाकीच्या उठायच्या. गावाचा बहिष्कार उठला होता. गिरणी उघडली, दुकान उघडलं, आणि आमच्या घराला वस्तीनं वाळीत टाकलं. घरकुलं पुढंही आली नाहीत. विहाराची जागा मोजून दगड रोवले गेले, पण बांधकाम झालं नाही. तरी लोक वकीलकाकांना बोल लावत नव्हते. आपल्यातला एक माणूस वर गेलाय, याचं त्यांना अप्रूप होतं. तेवढंही हातातून गेलं तर काय उरणार, अशी भीती असेल.

मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. नागरिकशास्त्र शिकवायला मला मिळालं. हक्कांचा धडा मी पुस्तकात बघून वाचायचे, भराभर, आणि प्रश्नोत्तरांकडं वळायचे.

शेवटी विद्यापीठाला नाव लागलं. जुन्या नावाला जोडून लागलं, पण लागलं. वस्तीत निळा गुलाल उधळला. सभेला वकीलकाका आले, केस पांढरे झालेले. सरपंचाचा थोरला तेव्हा स्वतः सरपंच झाला होता, त्यानं त्यांना हार घातला. मी सुटीवर गावी होते. माय म्हणाली, "चल, नाव लागलंय, जाऊ." ती पांढरी साडी नेसून बायांच्या मागं बसली.

वकीलकाका बोलले ते चांगलंच बोलले. या नावासाठी किती घरं जळाली, किती माणसं गेली, या वस्तीनंही आगीत आपलं सर्वस्व दिलं, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. बाया डोळे पुसत होत्या.

माय उभी राहिली. "वकीलभाऊ, घरं कोणी जाळली तेवढं सांगा. तो तिथंच बसलाय."

ती मोठ्यानं बोलली नव्हती, तरी पुढच्या लोकांनी ऐकलं. वकीलकाकांनीही ऐकलं, कारण ते थांबले. त्यांनी माइकवाल्याकडं हात केला आणि गाणं सुरू झालं. कुणी तरी मायला खांद्यावर दाबून खाली बसवलं. ती आमच्याच शेजारची बाई होती, जिचं घर आमच्या घरासोबत जळालं होतं.

पुढच्या निवडणुकीला मतदारांना न्यायला वस्तीत ट्रॅक्टर आला. आजवर माय कधी चुकली नव्हती. बहिष्काराच्या दिवसांतही ती रांगेत सगळ्यांच्या पुढं उभी राहिली होती. त्या दिवशी ती दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"चल," दादा म्हणाले.

"तुमी जावा."

"अगं, हक्क हाय आपला," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग पुन्हा शेंग उचलली.

ट्रॅक्टर गेला. सुपात दाणे पडत राहिले. त्यानंतर माय कधीच मतदानाला गेली नाही, आणि का जात नाहीस असं तिला मी विचारलंही नाही.