एकट्याने ब्रेकची हवा काढणारा अल्फान्सो

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या गाळ्याला लागून अल्फान्सोचं गॅरेज आहे. मध्ये फक्त पत्रा. माणूस हेकट, तोंडाचा फटकळ आणि कामात बाप. हे शेवटचं सांगताना माझं पोट दुखतं, पण खोटं कशाला बोलू?

चौदा वर्षं आमचं गॅरेज एकच होतं. तो इथल्याच गावठाणातला, मी देवगडकडचा, वडील गिरणीत होते. ब्रेकची हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून ब्रेकवरचं हवा सोडायचं निप्पल सैल करायचं, म्हणजे ऑइलबरोबर अडकलेली हवा बाहेर पडते. निप्पल परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. पेडलवर मी असायचो. तो खालून ओरडायचा, दाब, धर, सोड. त्याच्या आवाजावर मी चौदा वर्षं पाय हलवला.

मग एका गिऱ्हाइकाची गाडी ब्रेक न लागून सोसायटीच्या गेटला धडकली. कोणाला खरचटलंही नाही. पण अल्फान्सोने चारचौघांत सांगून टाकलं की नंद्याने पाय आधी उचलला. मी म्हटलं, तुझाच पाना घसरला असेल. त्याच आठवड्यात मध्ये पत्रा उभा राहिला. त्याला आता सहा वर्षं झाली.

तेव्हापासून त्याने पेडलवर दुसरा माणूस बसू दिला नाही. आधी बाटली आणली. निप्पलला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. पाय उचलला तरी हवेऐवजी ऑइलच ओढलं जातं. मग खालून ऑइल ओढून घेणारा, हाताने मारायचा व्हॅक्युम पंप आला. शेवटी त्याने ऑइलच्या डबीच्या जुन्या झाकणाला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि सायकलच्या पंपाने वरूनच ऑइल ढकलायला लागला. काम झकास व्हायचं. आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मला ऐकू जाईल अशा आवाजात, तो सांगायचा की हे यंत्र पाय उचलत नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटायचा.

गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या मुलीची गाडी कामाला घेतली. यव्होन मुलुंडला नर्स आहे, गाडी सेकंडहँड. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारे भाग, त्याने बदलले आणि सकाळपासून हवा काढत बसला. नळीतून ऑइल स्वच्छ येत होतं, एक बुडबुडा नाही, तरी पेडल मऊच. त्याने पंप बदलला, नळी बदलली, स्वतःलाच शिव्या घातल्या.

जेवायच्या वेळी मी हात धुवायला बाहेर आलो आणि मला दिसलं. कॅलिपरचं निप्पल वर यायला हवं, ते खाली होतं. त्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. हवा नेहमी वर चढते. निप्पल तळाला गेलं की ऑइल निघत राहतं आणि हवा वर तशीच बसून राहते. पेडलवर कोणी असतं तर उतरून बघितलं असतं, दोन मिनिटांत सांगितलं असतं. याच्याकडे बाटली होती, पंप होता, सांगणारं कोणी नव्हतं.

मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. डबा मी त्या दिवशी सावकाश खाल्ला, आणि पलीकडून पंपाचा आवाज येत राहिला.

साडेचारला यव्होन आली, तिला ड्युटीची घाई होती. तोवर अल्फान्सोने चाकं बसवून टाकली होती. पेडल लागोपाठ तीनदा दाबलं की चौथ्यांदा जरा कडक लागायचं, तेवढ्यावर तो तिला म्हणत होता की आज असंच चालव, रविवारी परत बघतो. असली गाडी त्याने कधी परक्याला दिली नव्हती. पण यंत्र हरलं हे पत्र्याअलीकडे ऐकू आलं असतं ना. पवईच्या उतारावर ही पोरगी चारदा पेडल कधी मारणार होती?

मी उठून त्याच्या दारात गेलो.

"कॅलिपर उलटे लावलेत," मी म्हटलं. "निप्पल खाली आलंय."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. वाकून चाकामागे टॉर्च मारला आणि गाडी पुन्हा जॅकवर चढवली. तासाभरात कॅलिपर अदलाबदल करून पंप मारला, तेव्हा नळीतून बुडबुडेच बुडबुडे सुटले. पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं लागलं. यव्होनने मला थँक्यू म्हटलं, लहानपणी म्हणायची तसं नंदू अंकलसुद्धा म्हटलं. मला वाटलं, आता हाही निदान एक शब्द बोलेल.

तो हात पुसत होता.

"कधी बघितलंस?"

थाप मारता आली असती. पण मी जिंकलो होतो, त्या गुर्मीत होतो.

"जेवायच्या वेळी."

"म्हणजे एक वाजता. आणि माझी पोरगी चावी मागेपर्यंत गप्प बसलास."

तिला मी जाऊ दिलं नसतं, हे मला म्हणायचं होतं. देवाशपथ खरं आहे ते. पण साडेतीन तास मी मजा बघत बसलो होतो हेही तितकंच खरं होतं, आणि ते यव्होनने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग गाडीत बसली, काच वर केली आणि निघून गेली.