गुडघा लिहायचा राहिला

तोफबाईंना राग येतो असं म्हणणं म्हणजे निखाऱ्याला ऊब असते असं म्हणण्यासारखं. उभी हयात इस्पितळात नर्स म्हणून गेली. त्यांचा आवाज वॉर्डाच्या दारातून आत आला की सलाईनसुद्धा शिस्तीत थेंब टाकायला लागे, अशी ख्याती. एकदा तर भलत्याच मजल्यावर थांबलेल्या लिफ्टला त्यांनी असं झापलं, की आतला माणूस निमूटपणे बाहेर येऊन जिन्याने गेला. निवृत्तीनंतर तोफ थंडावेल अशी घरच्यांना आशा होती. कसली थंडावते! औषधाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी वर्ग काढला आणि घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा करायला जाणाऱ्या बायकांना शिकवू लागल्या.

धडे घेतले नेटवरचे. हे धडे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. कुणीही वाचावेत, कुणीही शिकवावेत, आणि खोट दिसली तर दुरुस्ती धाडावी. धडे सांभाळणारी चार माणसं कुठेकुठे बसलेली असतात. ती दुरुस्ती तपासतात, पटली तर मूळ धड्यात घेतात. बाईंना हे फार आवडलं होतं. नणंदेची पाठ धरेपर्यंत.

नणंद त्यांच्याच वर्गात शिकलेली. घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून म्हातारीची कूस सारखी बदलावी लागे. धड्यात लिहिलं होतं, खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकीने उभं राहावं.

"मग उभ्या राहिलात का दोघी?" बाईंनी शेकायची पिशवी नणंदेच्या कमरेखाली सरकवत विचारलं.

"राहिलो की. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंत. पण वहिनी, भिंतीने काही हात लावला नाही गं!"

बाई हसल्या नाहीत. "कुठल्या राजवाड्यात बसून लिहिलाय हा धडा? खाट खोलीच्या मधोमध ठेवली तर घरातली माणसं राहतील कुठे, खाटेखाली? आणि दुसरी बाई आणायची कुठून? असती तर पहिली एकटी कशाला राबून मेली असती?"

बाईंचे यजमान पूर्वी बस चालवायचे. बायकोच्या हॉर्नला वाट कधी द्यायची हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र चुकले. म्हणाले, "अगं, तुझ्या वर्गापुरती वेगळी प्रत करून घे. चालतं ना तसं?"

"माझ्या वर्गापुरती? गल्लीला आग लागलीय आणि मी माझ्याच पायरीवर पाणी ओतू? जिथे जिथे हा धडा जातो तिथे तिथे कुणाची तरी पाठ मोडतेय, अहो!"

बाई संगणकापुढे बसल्या. खाट भिंतीला असली आणि बाई एकटी असली तर काय करायचं, ते लिहिलं: माणसाला आधी भिंतीकडे सरकवावं, त्याचा पलीकडचा पाय दुमडावा, पलीकडच्या खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे वळवावं. मग हात लागलाच आहे म्हणून त्यांनी धड्याची प्रस्तावना उडवली, चित्रं बदलली, शेवटचा भाग वर आणला, 'रुग्ण' शब्द खोडून सगळीकडे 'आपलं माणूस' केलं, आणि सगळं गाठोडं एकदम पाठवून दिलं.

उत्तर आलं, तेही गोड: "आभारी आहोत. भिंतीचा मुद्दा अगदी रास्त आहे. मात्र इतके बदल एकत्र तपासता येत नाहीत. कृपया एकेक पाठवा. आणि एकटीने आपल्याकडे वळवताना रुग्ण खाटेवरून पडणार नाही, याची सोय कुठे दिसली नाही."

झालं! "पडणार नाही याची सोय? मी उभी असताना? आयुष्यात एक माणूस पडला नाही माझ्या हातून! आणि एकेक पाठवू म्हणे. वाणसामान आहे का?"

यजमान पेपरामागून म्हणाले, "वॉर्डात एखाद्या पोरीने पेशंटची सगळी औषधं एका दमात बदलली असती तर?"

"कान उपटला असता. गुण कशाने आला आणि उलटी कशाने झाली, कळणार कसं?"

यजमानांनी पेपराचं पान उलटलं. बोलून गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या जास्तच संतापल्या. "चला, झोपा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? दुपारी?"

"भिंतीकडे. तुम्ही पेशंट. वन्सं, तुम्ही नुसतं बघा. अहो शेजारीणबाई, जरा इकडे या! हे वाचायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. दाखवून देते त्या शहाण्यांना."

यजमान भिंतीलगतच्या खाटेवर आडवे झाले. खाली जमिनीवर गादी अंथरली. शेजारणीने वाचलं, सरकवलं, पाय दुमडला, खांदा-कंबर धरली आणि ओढलं. देह अंगावर येतोय म्हटल्यावर ती बिचारी जागा द्यायला मागे सरली. यजमान वळले, वळतच राहिले आणि धप्पकन गादीवर आले.

"शेवटचा स्टॉप," ते खालून म्हणाले.

"मागे कशाला सरलात?" बाई कडाडल्या.

"पुढे राहा असं कुठे लिहिलंय?" शेजारीण म्हणाली.

"सरका, मी करते!" बाईंनी केलं. यजमान कुशीवर वळले आणि काठाशी अलगद थांबले.

"वहिनी, हलू नकोस," खुर्चीतून नणंद ओरडली. "गुडघा बघ तुझा!"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा गुडघा खाटेच्या काठाला टेकून कठड्यासारखा उभा होता. इतकी वर्षं तो न सांगता तिथे जाऊन उभा राहत होता, आणि बाईंना त्याची खबर नव्हती.

"मेल्या," बाई स्वतःच्या गुडघ्याला म्हणाल्या, "बोलायचं नाही का?"

या खेपेला गाठोडं नव्हतं. भिंत, एकटी बाई आणि काठाला टेकवलेला गुडघा, एवढंच पाठवलं. आधी शेजारणीकडून पुन्हा करून घेतलं. यजमान खाटेवरच राहिले. ते थोडे हिरमुसले; म्हणाले, गादी मऊ होती. दुरुस्ती मूळ धड्यात गेली. पाठ बरी झाल्यावर नणंदेने सासूला तशीच वळवली. म्हातारी म्हणाली, "आज भिंत शहाणी झालेली दिसते."

घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी चष्मा चढवला.

"आता काय?" यजमानांनी विचारलं.

"चित्र! त्या चित्रात खाट अजून खोलीच्या मधोमधच आहे. लाज नाही वाटत? आज तेवढं एकच पाठवते. प्रस्तावना उद्या!"